कॅश काउंटरवरची तूट : एका प्रौढ स्त्रीच्या एडीएचडी तपासणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सविता (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, लिहिण्याला तिची लेखी संमती आहे) ३२ वर्षांची. माहेर गारगोटीच्या बाजूला, सासर कसबा बावड्यात. बी.कॉम. झाल्यापासून कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत नोकरी, त्यातली शेवटची चार वर्षं कॅश काउंटरवर. मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, पाळी आठवड्याला बदलणारी. घरात आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मी कोल्हापुरातच चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते.

पतसंस्थेतला कॅश काउंटर ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्या खुर्चीभोवती फिरतं. दिवसाचा भरणा आणि पैसे काढणं एकवेळ आवरतं. खरी कसोटी संध्याकाळी. पिग्मी एजंट दिवसभर दुकानं, टपऱ्या फिरून गोळा केलेली रक्कम घेऊन पाच-साडेपाचला एकदमच येतात. दहा-वीसच्या नोटा, चिल्लर, घामाने ओली झालेली पन्नासची नोट, आणि प्रत्येकाला घरी जायची घाई. त्याच वेळी रोजकीर्द (दिवसाच्या व्यवहारांची वही) पुरी करायची, नोटांचा तपशील लिहायचा, रोख शिल्लक जुळवायची. शिल्लक कमी भरली तर ती कॅशिअरने पदरची घालायची, असा तिथला रिवाज.

अडचण

जुलैत ५०० रुपयांची तूट आली. ऑगस्टमध्ये २,००० रुपयांची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात १०,००० रुपयांची. तिन्ही वेळा सविताने पैसे भरले. तिसऱ्या वेळी मात्र हातात मेमो पडला: "सदर तूट निष्काळजीपणामुळे की अन्य काही कारणाने, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा." त्यातल्या "अन्य काही" या दोन शब्दांनी तिची झोप उडाली होती. तोपर्यंत तिला सगळे वेंधळी म्हणत, आणि त्याची तिला सवय झालेली होती. चोर असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पहिल्या भेटीला ती चाळीस मिनिटं उशिरा आली. कावळा नाक्यावर गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. आल्या आल्या मेमो दाखवायला पर्स उघडली, तो सापडेना, म्हणून पर्स माझ्या टेबलावर रिकामी केली. मुदत उलटलेलं लाइटबिल, मुलाच्या शाळेची सहलीची चिठ्ठी (सहल होऊन गेली होती), टोपण नसलेली तीन पेनं, लोहाच्या गोळ्यांची न फोडलेली पट्टी, बिस्किटाचा चुरा आणि तळाशी चार घड्या घातलेला मेमो. ते सगळं परत भरताना ती रडायला लागली. म्हणाली, "मॅडम, बघा ना, असं असतंय माझं सगळं."

पहिला आकडा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, हालचाल आणि उतावीळपणा आवरणं जड जाण्याचा, लहानपणापासूनचा विकार. प्रौढांमधल्या एडीएचडीच्या चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली एक स्वयंमूल्यांकन प्रश्नावली आहे, एएसआरएस नावाची. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. एकूण १८ प्रश्न. त्यातले पहिले ६ चाळणीचे. एखाद्या प्रोजेक्टचं काम शेवटच्या टप्प्यावर अडतं का, गोष्टी नीट लावणं जड जातं का, ठरलेल्या वेळा आणि जबाबदाऱ्या विसरता का, डोकं लागणारं काम पुढे ढकलता का, बराच वेळ बसावं लागलं की हातपाय हलत राहतात का, अंगात मोटर बसवल्यासारखं वाटतं का. उत्तरं "कधीच नाही" पासून "अगदी वारंवार" पर्यंत पाच पायऱ्यांची. पहिल्या तीन प्रश्नांत "कधीकधी" म्हटलं तरी ते धरलं जातं. पुढच्या तीन प्रश्नांत "बरेचदा" किंवा त्याच्या वर असेल तरच. सहापैकी चार भरले तर पुढची सखोल तपासणी करावी, असा त्याचा अर्थ. निदान त्यातून होत नाही.

सविताने सहाही प्रश्नांना "कधीकधी" वर खूण केली. वरून खाली सरळ रेघ. हिशोब केला तर बरोबर तीन. चारला एक कमी.

कागदाच्या नियमाने ही बाई चाळणीतून खाली गेली होती. समोर पर्सचा पसारा दिसत होता आणि हातात तीन हा आकडा. मी तिला विचारलं, हे सगळं कधीकधीच होतं का? ती म्हणाली, "मॅडम, प्रोजेक्ट म्हणजे माझं कसलं प्रोजेक्ट? मी आपली कॅशवर बसते. आणि रोज होतं म्हटलं तर तुम्हीपण म्हणाल, मग नोकरी कशाला करते."

ही दोन वाक्यं मी त्याच दिवशी फाइलमध्ये लिहून ठेवली, पण त्यांचं वजन मला तेव्हा पुरतं कळलं नाही. पहिल्या वाक्यात प्रश्नावलीच्या भाषेची अडचण होती, दुसऱ्यात भीतीची. दोन्ही मिळून तिचा आकडा खाली खेचला गेला होता.

त्याच दिवशी नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावलीही भरून घेतली. २७ पैकी १२, म्हणजे मध्यम. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार विचारणाऱ्या नवव्या प्रश्नाला तिने शून्य लिहिलं होतं. तरी तो मी तोंडी विचारला, थेट शब्दांत विचारला, आणि उत्तर तेच आलं. फॅमिली डॉक्टरांकडून रक्त तपासून आणायला सांगितलं. थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन ८.८. बाईचं ते किमान १२ तरी असायला हवं.

निर्णयाचा पहिला टप्पा

आता माझ्यासमोर तीन वाटा होत्या. रक्त कमी आणि मन खचलेलं, त्यानेच लक्ष लागत नसेल असं धरून आधी ते दुरुस्त करायचं आणि मग पुन्हा मोजायचं. किंवा आकडा बाजूला ठेवून एडीएचडीची पूर्ण तपासणी लगेच सुरू करायची. किंवा सरळ मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं.

मी पहिली वाट धरली. कारणं चुकीची नव्हती. रक्तक्षयाने थकवा येतो, डोकं जड राहतं, विसरायला होतं. नैराश्यातही लक्ष उडतं. चिंता, अपुरी झोप, थायरॉइडचा बिघाड, या सगळ्यांत माणूस ही प्रश्नावली भरायला बसला तर चार-पाच खुणा सहज करतो. घाईने एडीएचडीचं लेबल लावल्याची प्रकरणंही मी पाहिली आहेत. त्यात तिचा आकडाही तीनच होता. लोहाच्या गोळ्या, झोपेची वेळ, आठवड्याला एक समुपदेशनाची बैठक आणि सहा आठवड्यांनी फेरतपासणी, असं ठरलं. मेमोचा खुलासा लिहायला मी मदत केली.

एक गोष्ट मात्र राहून गेली. सहा आठवडे ती त्याच खुर्चीवर, त्याच गर्दीत, त्याच पद्धतीने बसणार होती. तिथे काय बदलता येईल, हे मी विचारलंच नाही. निदान ठरल्यावर बघू, असं माझ्या डोक्यात होतं.

सहा आठवडे

हिमोग्लोबिन १०.६ वर आलं. चेहऱ्यावर जरा तकाकी आली, जिना चढताना दम लागेनासा झाला. पीएचक्यू-९ बारावरून आठवर उतरलं. विसरणं मात्र तसूभरही कमी झालं नव्हतं. रक्त आणि मन सुधारून लक्ष तिथेच अडकलं होतं, आणि निदानाच्या दृष्टीने ही माहिती फार मोलाची होती.

ती माहिती मिळायच्या आतच ऑक्टोबरच्या मध्यावर ५,००० ची तूट आली. तो प्रसंग तिने मला बारकाईने सांगितला. एका पिग्मी एजंटने नोटांची चळत काउंटरवर ठेवली. ती मोजायला घेणार तोच शेजारून एका आजोबांनी पासबुक पुढे केलं, "ताई, एवढं भरून द्या की." तिने पासबुक घेतलं, तेवढ्यात फोन वाजला, फोनवर बोलत तिने एजंटच्या पावतीवर "रोख मिळाली" चा शिक्का मारला आणि पावती सरकवली. पावती मिळाली म्हणजे काम झालं असं धरून एजंटने आपलं सगळं सामान गोळा केलं, त्यात ती चळतही त्याच्या पिशवीत गेली. आधी शिक्का, मग पैसे, असा उलटा क्रम झाला होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. तिने रात्री साडेआठपर्यंत चार वेळा शिल्लक मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट स्वतःहून पैसे घेऊन आला. पैसे परत आले, पण तोवर संचालक मंडळापर्यंत बातमी गेली होती.

आधीच्या तीन तुटींमध्ये काय झालं असेल, याचा अंदाज या एका प्रसंगावरून आला. मोजणं आणि नोंद यांच्यामध्ये कुणी बोललं की तिच्या हातातली कडी सुटायची.

घरच्यांचं सांगणं

दुसऱ्या फेरीत मी घरच्यांना बोलावलं. मिस्टर आले आणि इचलकरंजीहून सासूबाई आल्या, काठी टेकत. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्या जूनपासून लेकीकडे होत्या. खरं सांगायचं तर सासूबाई तक्रारींचा पाढा वाचतील अशी माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "कामाला वाघीण हाय ओ ती. पर एक धरती आणि दुसरं सोडती. दूध ठेवून कपडे वाळत घालाय जाती, तिथनं शेजारणीकडं. मी घरात होते म्हणून दूध उतू जात न्हवतं."

मी विचारलं, "काकू, तुम्ही घरात असताना काय काय बघायचा?" आणि त्या बोटांवर मोजत सांगत गेल्या. पहाटे पाचला उठून डबे. लाइटबिल. रेशनकार्ड कुठं आहे. गॅसचा नंबर लावणं. नातवाच्या वहीतल्या सूचना दुपारी त्याच्याकडून वाचून घेणं. सविता निघताना दारात उभं राहून विचारणं: मोबाईल, किल्ली, डबा, पर्स. गेली नऊ वर्षं, रोज. सविता शेजारी बसून ऐकत होती. तिलाही हे असं सलग कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

जूनमध्ये सासूबाई गेल्या आणि जुलैत पहिली तूट आली. आजार जुलैत सुरू झालेला नव्हता. नऊ वर्षं ज्या भिंतीला तो टेकून होता ती भिंत बाजूला झाली होती. घरचा सगळा भार अंगावर आला, झोप कमी झाली, आणि कामावर जी थोडीफार शिल्लक ताकद होती ती संपली.

मग माहेरी फोन लावला. डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीनुसार (२०१३ ची आवृत्ती) काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि त्यांचा त्रास किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि कामावर, दिसावा लागतो. सविताच्या आई म्हणाल्या, "पोरगी हुशार हुती. पर पाटी कुठं ठिवली ते सापडायचं न्हाई. गुरुजी म्हणायचे, हिचं चित्त थाऱ्यावर न्हाई." नशिबाने त्यांनी तिसरीचं प्रगतिपुस्तक ट्रंकेत जपून ठेवलं होतं. भावाने व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत: "हुशार आहे. वह्या अपूर्ण ठेवते. वर्गात लक्ष नसते." मुलगा असता आणि बाकावरून उड्या मारत असता, तर कुणीतरी तेव्हाच विचार केला असता. गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पुन्हा मोजणी : लक्षणं वेगळी, झळ वेगळी

एएसआरएस पुन्हा घेतली. इथे एक मोह होतो, प्रश्नच बदलून "दूध उतू जातं का, किल्ली हरवते का" असे करायचा. तो मी टाळला, कारण शब्द बदलले की चारची ती सीमारेषा लागू राहत नाही. प्रश्न जसाच्या तसा वाचला, आणि उत्तर देण्याआधी मागच्या महिन्यातला एक प्रसंग सांगायला लावला. पहिल्या प्रश्नाला ती म्हणाली, "मुदत ठेवीच्या पावत्या सगळ्या लिहून होतात, फक्त सही-शिक्का राहतो, तसा गठ्ठा आठवडाभर पडतो. हे धरायचं काय?" हे धरायचं. या वेळी सहापैकी पाच भरले. एकच राहिला, मोटर बसवल्याचा. १८ प्रश्नांतही भार लक्ष न टिकण्याच्या बाजूलाच होता.

लक्षणं किती हे त्यातून कळलं. त्यांची रोजच्या जगण्याला झळ किती, यासाठी वेगळं मोजमाप लागतं. मी वाइस फंक्शनल इम्पेअरमेंट रेटिंग स्केल वापरते. कुटुंब, काम, शिक्षण, रोजची जीवनकौशल्यं, स्वतःविषयीची भावना, सामाजिक वावर आणि धोक्याचं वागणं, असे त्याचे भाग. प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण. एखाद्या भागात एक जरी ३ किंवा दोन २ आले तरी तिथे बाधा आहे असं समजतात. शिक्षणाचा भाग तिला लागू नव्हता. उरलेल्या सहांपैकी काम, जीवनकौशल्यं आणि स्वतःविषयीची भावना, या तिन्हींत बाधा स्पष्ट होती. "स्वतःविषयी" या भागात तर पहिल्याच ओळीपासून सलग तीन.

कुटुंबाच्या भागात मात्र तिने जवळजवळ सगळीकडे ० आणि १ दिले होते. सासूबाईंनी बोटांवर मोजलेली कामं आठवून मी पुन्हा विचारलं, "काकू नसत्या तर?" तिने पेन खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं राहिलंय."

सप्टेंबरचे १०,००० तिने बचत गटातून उचलले होते. मिस्टरांना माहीत नव्हतं. त्याचा हप्ता भरायला घरखर्चातून काढत होती, आणि ते झाकायला किराणावाल्याकडे उधारी वाढली होती. हे कुठल्याच कागदावर आलं नव्हतं. पैशांविषयीची विधानं त्या प्रश्नावलीत आहेत; तिने तिथे ० लिहिलं होतं, कारण कागद मिस्टरांच्या समोर भरला होता. माझ्याकडून झालेली ही दुसरी चूक. घरच्यांचं म्हणणं घ्यायलाच हवं, पण वेगळ्या खोलीत.

पर्याय

मनोविकारतज्ज्ञांकडे जायला तिची तयारी लगेच झाली नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयात कमी खर्चात काम झालं असतं, पण "बावड्यातली चार माणसं तिथं भेटणारच" ही भीती. शेवटी तिने खासगी दवाखाना निवडला. तिथे सविस्तर मुलाखतीनंतर निदान ठरलं. १७ वर्षांवरच्या व्यक्तीत लक्ष न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच लागतात; तिच्यात आठ होती. प्रामुख्याने अवधानाचा अभाव असलेला एडीएचडी.

औषधांबाबत दोन गोष्टी तोलल्या गेल्या. मेथिलफेनिडेट जास्त वापरलं जातं आणि त्याचा परिणामही लवकर दिसतो. पण आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक औषध दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि सगळी दुकानं ते ठेवत नाहीत. ज्या बाईला महिन्याची कामं लक्षात ठेवणं हीच अडचण, तिच्यासाठी ही कटकट लहान नव्हती. दुसरं अॅटोमॉक्सेटिन. ते कामाला लागायला चार ते सहा आठवडे, काहींना त्याहून जास्त घेतं, पण त्याचा परिणाम दिवसभर राहतो. तिची धोक्याची वेळ संध्याकाळी पाच ते सात, आणि जोडीला चिंताही होती. डॉक्टरांनी दुसऱ्या बाळाचा विचार आहे का हे विचारलं, नाडी आणि रक्तदाब पाहिला आणि अॅटोमॉक्सेटिन सुचवलं.

नोकरीचा प्रश्न जास्त अवघड होता. कॅशवरून वसुलीच्या किंवा ठेवीच्या टेबलावर बदली मागावी, असं मिस्टरांचं मत, आणि सुरुवातीला माझंही. वरकरणी हा पर्याय सगळ्यांत सुरक्षित. सविता ठाम नाही म्हणाली. "आत्ता उठले तर चोरी केली म्हणूनच उठवलं असं होतंय. सहा महिने तूट न येता बसते, मग तुम्ही म्हणाल त्या टेबलाला जाते." मी आग्रह सोडला. कामाला लागणारी झळ मोजताना पैशांची तूट आम्ही मोजत होतो. तिच्या लेखी इभ्रत त्याच्या वर होती, आणि तो हिशोब तिचाच होता.

संस्थेत सांगायचं की नाही? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. अध्ययन अक्षमता त्यात स्वतंत्रपणे आहे, एडीएचडी तसा नाही. म्हणजे प्रमाणपत्र पुढे करून सवलत मागायचा सरळ रस्ता नव्हता. सगळं व्यवस्थापकांच्या समजुतीवर होतं. तिने निदानाचं नाव न घेता, कॅश काउंटरच्या कामात चार बदल सुचवणारं पत्र द्यायचं ठरवलं.

काय केलं

पत्रातले बदल असे. दुपारी दीड वाजता अर्ध्या दिवसाची शिल्लक जुळवायची, म्हणजे चूक झाली तर शोधायला निम्माच दिवस. पिग्मी एजंटांनी एका वेळी एकाने यायचं, बाकीच्यांनी बाकावर बसायचं. पासबुक भरणं शेजारच्या टेबलाला. आणि काउंटरवर एक ट्रे: ट्रेमध्ये एका वेळी एकाचेच पैसे, आणि ट्रे रिकामा झाल्याशिवाय शिक्क्याला हात नाही. व्यवस्थापकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, हे तर सगळ्याच शाखांना लागू करायला हवं. त्यांचा हा प्रतिसाद आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हता. शिक्का ती ट्रेच्या पलीकडे, हात सहज पोचणार नाही असा ठेवायला लागली. हे तिने स्वतः शोधलेलं.

घरी दारामागे खडूने चार शब्द लिहिले, सासूबाईंचेच: मोबाईल, किल्ली, डबा, पर्स. बिलं मिस्टरांकडे गेली. बचत गटाचं कर्ज तिने माझ्याकडच्या बैठकीतच मिस्टरांना सांगितलं. ते खूप वेळ फॅनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "दहा हजारांसाठी तू चार महिने एकटी जळलीस?" हप्ता त्यांनी अंगावर घेतला.

औषधाने पहिले दोन आठवडे मळमळ झाली, तोंड कोरडं पडायचं. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर मळमळ कमी झाली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिने सांगितलेला फरक असा: "कुणी हाक मारली तर आधी मी वळायचेच. आता हाक ऐकू येते, आणि हातातलं मोजून होईपर्यंत थांबता येतं."

निष्पत्ती

मार्चअखेर ही पतसंस्थेची खरी परीक्षा. नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत एकदाही तूट आली नाही. एकदा २०० रुपये जास्त भरले; दुपारच्या जुळवणीत ते दीड तासात सापडले.

एप्रिलमध्ये सगळं पुन्हा मोजलं. एएसआरएसच्या सहापैकी पाचचे चार झाले, एवढाच फरक. नुसता हा कागद बघणारा म्हणेल, फारसं काही झालं नाही. झळ मोजणाऱ्या कागदावर कामाच्या भागातली बाधा गेली होती. जीवनकौशल्यांत ती अजून आहे. गाडीतलं पेट्रोल अजूनही संपतं. स्वतःविषयीच्या भागात तीनचे दोन झाले, त्याच्या खाली उतरायला तयार नाहीत. तीस वर्षं ऐकलेला "वेंधळी" हा शब्द पाच महिन्यांत पुसला जाईल अशी अपेक्षाही मी धरली नव्हती.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. डिसेंबरमध्ये सासूबाई घरी परतल्या. घरातली सुधारणा औषधाची किती, खडूच्या चार शब्दांची किती आणि पहाटे पाचला उठणाऱ्या काकूंची किती, हे वेगळं काढता येत नाही. कामावरच्या सुधारणेचं श्रेय मात्र बऱ्याच अंशी त्या ट्रेला आणि दुपारच्या जुळवणीला द्यावं लागेल. औषधाचा परिणाम दिसायच्या आधीच तूट थांबली होती.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

सहा आठवडे थांबण्याचा निर्णय मी आजही चुकीचा म्हणणार नाही; रक्त सुधारूनही लक्ष सुधारलं नाही, यानेच निदान पक्कं झालं. पण ट्रे ठेवायला निदान लागत नव्हतं. दुपारी दीडला शिल्लक जुळवायलाही लागत नव्हतं. या गोष्टी पहिल्याच दिवशी सुरू केल्या असत्या, तर ऑक्टोबरचा प्रसंग बहुधा टळला असता आणि संचालकांपुढे तिची जी शोभा झाली ती झाली नसती. रोगाचं नाव ठरेपर्यंत माणसाचं रोजचं नुकसान चालूच असतं, हे मी त्या सहा आठवड्यांत नजरेआड केलं.

सरळ रेघेत भरलेली प्रश्नावली मी आता उत्तर म्हणून धरत नाही. एका सपाट्यात सहा "कधीकधी" आले की पेन बाजूला ठेवते आणि प्रसंग विचारते. पैशांविषयी एकट्यात विचारते, पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच. आणि माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर एक रकाना वाढलाय: तुमच्या वाटचं कोण काय करतं, आणि ते माणूस महिनाभर नसेल तर काय होईल?

सविताच्या मुलाचाही प्रश्न तिने काढला. एडीएचडी घराण्यात उतरतो हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे. मुलांसाठीच्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत पालकांचे ५५ आणि शिक्षकांचे ४३ प्रश्न असतात. पालकांचा कागद तिने भरला, त्यात काही खुणा जास्त आहेत. शाळेतल्या बाईंचा कागद यायचा आहे. तो आल्याशिवाय काही म्हणायचं नाही, यावर आमचं एकमत आहे. मधल्या काळात त्याचं दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवायचं, एवढं सुरू केलं आहे.

ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्या पुन्हा इचलकरंजीला जाणार. मागच्या बैठकीला त्या आणि सविता दोघी आल्या होत्या. काकू बोटांवर मोजत एकेक काम सांगत होत्या आणि सविता वहीत प्रत्येकापुढे लिहीत होती: हे मिस्टर, हे मोबाईलचा गजर, हे शेजारच्या ताई, हे मी. गॅसचा नंबर लावण्यापुढे अजून कुणाचं नाव पडलेलं नाही.